पजेरोचा पार्ट ‘बंद झाला’ म्हणतात तेव्हा आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

माझी पजेरो एसएफएक्स, म्हणजे मित्सुबिशीची जीपसारखी उंच गाडी, २००५ची. आधी मामांची होती. काटोलची संत्र्याची बाग ते नागपूर अशा फेऱ्यांत त्यांनी ती वापरली आणि गुडघे बोलायला लागल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून नातेवाइकांपेक्षा स्पेअर पार्टवाल्यांचेच फोन मला जास्त येतात. माझ्या गाडीवर आणि ओळखीतल्या तीन पजेरोंवर मी एकच रोग पुन्हा पुन्हा निस्तरलाय: पार्ट मिळत नाही. एका वहीत प्रत्येक पार्टाची नोंद ठेवलीय. आजवर ३१ नोंदी झाल्या, त्यांतले कुठेच न मिळालेले फक्त चार. बाकी सगळे ‘बंद झालेले’ पार्ट कुठे ना कुठे निघालेच, आणि काही तर बदलायचेच नव्हते.

लक्षणं

काउंटरवर गाडीचं नाव घेताच समोरचा कॉम्प्युटरकडे न बघताच मान हलवतो.

पार्ट येतो, पण बसत नाही. दोन बोल्ट जुळतात, तिसरा पाच मिलिमीटर बाजूला.

छोटा रबरी तुकडा हवा असतो आणि उत्तर मिळतं, ‘पूर्ण असेम्ब्लीच घ्यावी लागेल.’

तोच पार्ट वर्षभरात दुसऱ्यांदा जातो.

मिस्त्री हात पुसत म्हणतो, ‘‘भाऊ, विकून टाका नं आता. कायले जीव लावून राहिले?’’

आणि शेवटचं लक्षण: गाडी चार महिन्यांपासून गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागलेली, टायर बसलेले आणि उंदरांनी वायरिंगला तोंड लावलेलं. इथवर येऊ देऊ नका. उभ्या गाडीचे जेवढे पार्ट जातात तेवढे चालत्या गाडीचे जात नाहीत.

हा घोळ मुळात का होतो

पजेरोची ही दुसरी पिढी जपानमध्ये १९९१ला आली आणि १९९९ला तिथे तिची जागा तिसऱ्या पिढीने घेतली. आपल्याकडे मात्र हिंदुस्थान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात हीच दुसरी पिढी २००२पासून जोडायला घेतली आणि २०१२च्या आसपास पजेरो स्पोर्ट येईपर्यंत ती विकली. म्हणजे आरसी बुकात गाडी २००५ची, पण पार्टांच्या यादीत नव्वदच्या दशकातली. परदेशातल्या विक्रेत्याला ‘२००५ची पजेरो’ म्हटलं की तो बिचारा इमानदारीने तिसऱ्या पिढीचा पार्ट काढतो. तो बसणार कसा? आणि ‘एसएफएक्स’ हे आपल्याकडचं नाव तर त्याने ऐकलेलंच नसतं.

पजेरो बनवणारा जपानमधला साकाहोगीचा कारखाना २०२१ला बंद झाला, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी हाय खाल्ली. पण गाडी बनवणारा कारखाना वेगळा आणि तिचे बेअरिंग, सील, क्लच बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्या चालूच आहेत. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. पार्ट खरंच गेलाय का?

खर्च शून्य ते २०० रुपये. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

माझ्या गाडीत डॅशबोर्डवर चार चाकांचं छोटं चित्र आहे. एका उन्हाळ्यात त्यातले पुढच्या दोन चाकांचे दिवे लुकलुकायला लागले. ४एच (चारही चाकांना ताकद) टाकलं तरी लुकलुक, २एचला (फक्त मागच्या दोन चाकांना) आणलं तरी लुकलुक. एका गॅरेजने निदान केलं की पुढच्या एक्सलवरचा फ्री-व्हीलचा ॲक्च्युएटर गेला, तो आता येत नाही, दिल्लीहून अख्खा एक्सल मागवावा लागेल. आकडा पाच अंकी होता. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघालो.

या गाडीत पुढची चाकं एक्सलशी जोडायचं आणि सोडवायचं काम व्हॅक्यूम करतो. बोनेटखाली दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपा, असतात. तिथून बारीक रबरी नळ्या खाली एक्सलवरच्या डायफ्रॅमपर्यंत (हवेने ओढल्या जाणाऱ्या पडद्यापर्यंत) जातात. डायफ्रॅम दांडा ओढतो, दांडा आतली बाही सरकवतो, आणि जोडणी नीट बसली की एक स्विच दिवा स्थिर करतो. या साखळीत कुठेही हवा गळली की दिवा लुकलुकतो. दिव्याला एवढंच कळतं की काम पूर्ण झालं नाही. कुणामुळे झालं नाही, हे त्याला सांगता येत नाही.

नागपुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४५च्या पुढे असतो. बोनेटखाली इंजिनाची धग वेगळी. अशा भट्टीत पंधरा-वीस वर्षं शिजलेली नळी कशी दिसते हे बघायचं असेल तर सोलेनॉइडकडचं टोक काढून नखाने दाबा. माझ्या गाडीचं टोक खारी बिस्किटासारखं फुटलं, कपारीत बारीक काळी पूड राहिली. वरून नळी ठणठणीत दिसत होती.

तपासायची रीत अशी. इंजिन बंद करा. एक्सलकडे जाणारी नळी वरच्या टोकाला काढून तिला हाताचा व्हॅक्यूम पंप लावा. हा पंप ब्रेकचं काम करणाऱ्या बहुतेक मिस्त्रींकडे असतो. काटा चढून मिनिटभर टिकला तर खालचा डायफ्रॅम आणि नळी दोन्ही शाबूत. काटा पडला तर गाडीखाली जाऊन तोच पंप थेट डायफ्रॅमच्या तोंडाला लावा. आता टिकला, तर दोष नळीत. इथेही पडला, तरच डायफ्रॅमवर संशय घ्यायचा. नळ्या ठीक निघाल्या तर दोन्ही सोलेनॉइडचे प्लग काढून साफ करा आणि खालच्या स्विचची वायर तुटलीय का ते बघा.

माझी नळीच निघाली. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून सीताबर्डीतून माशांच्या टाकीची नळी आणून लावली. दोन दिवस दिवा स्थिर. तिसऱ्या दिवशी उमरेड रोडला ती इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून चिमटली आणि पुन्हा लुकलुक. मग जाड भिंतीची, खास व्हॅक्यूमची नळी लावली. ती अजून आहे. सगळं मिळून १८० रुपये. एक्सल दिल्लीतच राहिला.

हीच सवय बाकी पार्टांनाही लावा. स्टार्टर गेला म्हणण्याआधी बॅटरीची आणि इंजिनाची अर्थिंग घासून बघा. रिले गेला वाटत असेल तर शेजारचा त्याच नंबराचा रिले अदलाबदल करून बघा. तापमानाचा काटा चढला तर रेडिएटर काढायला धावण्याआधी सेन्सर तपासा. मे २०२४मध्ये नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती, ती सेन्सरच्या बिघाडाने आली असं नंतर हवामान खात्यानेच सांगितलं. खात्याचा सेन्सर चुकू शकतो, तर आपला वीस वर्षं जुना का नाही? फक्त एक पथ्य पाळा: सेन्सर खोटा ठरेपर्यंत काटा खरा धरायचा आणि गाडी बाजूला घ्यायची. याचं कारण पुढे येतं.

२. गाडीचं नाव विसरा, पत्र्याची पट्टी वाचा

खर्च शून्य. बोनेट उघडा. मागच्या भिंतीवर धातूची पट्टी असते, तिच्यावरची माती ओल्या फडक्याने पुसा. मॉडेलच्या ओळीत तुम्हाला ‘व्ही४६’ असं काहीतरी दिसेल. लांब बॉडी आणि २.८ लिटरच्या डिझेलची ही खूण. इंजिनाच्या ओळीत ‘४एम४०’. त्याखाली गिअरबॉक्सचा कोड आणि त्याला लागून चार आकडे. हे आकडे डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरचं, गुणोत्तर सांगतात, उदाहरणार्थ ४९०० म्हणजे ४.९००. शेवटी रंग आणि आतल्या कापडाचा कोड.

या पट्टीचा स्वच्छ फोटो फोनमध्ये कायमचा ठेवा. दुकानदाराला ‘पजेरो’ न म्हणता ‘व्ही४६, ४एम४०’ म्हणा. अर्ध्या दुकानांत आवाजच बदलतो. इंग्लंडमध्ये हीच गाडी शोगन आणि स्पेन, अमेरिकेकडे मोंटेरो म्हणून विकली गेली, त्यामुळे ऑनलाइन शोधताना ही दोन्ही नावं टाकून बघा. भारतात मोंटेरो या नावाने पुढची, वेगळ्याच पिढीची गाडी आली होती, तिच्याशी गल्लत नको.

३. पार्ट नंबर, आणि त्या नंबराचा आजचा वारस

यालाही खर्च नाही, एक संध्याकाळ जाते. मित्सुबिशीचे जुने नंबर दोन अक्षरं आणि सहा आकडे असे असतात. एमबी म्हणजे साधारणपणे बॉडी आणि चॅसिसकडचं, एमडी इंजिनाकडचं, एमआर नव्वदच्या दशकात आलेली मालिका. पण ४एम४०चे बरेच पार्ट एमई या अक्षरांनी सुरू होतात, कारण हे इंजिन मित्सुबिशीच्या ट्रकवाल्या घराण्यातलं. कँटर नावाच्या हलक्या ट्रकमध्ये आणि डेलिका व्हॅनमध्येही ते बसलंय. त्यामुळे इंजिनाचा पार्ट पजेरोच्या दुकानात नसला तरी ट्रकच्या पार्टांत असू शकतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

दुसरी गंमत अशी की कंपनी नंबर बदलते. जुना नंबर बंद होतो आणि त्याच वस्तूला नवा नंबर मिळतो, बहुतेकदा चार आकडे, एक अक्षर, तीन आकडे असा. काउंटरवरचा मुलगा जुना नंबर टाकतो, स्क्रीनवर ‘बंद’ दिसतं आणि तो आपल्याला तसंच सांगतो. खोटं बोलत नसतो तो. त्याला एवढंच सांगा, ‘‘भाऊ, सुपरसीड बघ नं जरा.’’ माझ्या वहीतल्या ३१पैकी सहा पार्ट निव्वळ या एका वाक्याने मिळाले.

४. पार्ट कुणी बनवला होता?

गाडीवर तीन हिऱ्यांचं चिन्ह असलं, तरी आतला माल दहा कंपन्यांचा. जुना पार्ट काढल्यावर भंगारात फेकू नका. रॉकेलने धुवा, तारेच्या ब्रशने घासा आणि भिंगाने बघा. फोनचा कॅमेराही चालतो, तिरका उजेड पाडला की कोरलेलं उमटतं.

बेअरिंग असेल तर त्याच्या कडेला नंबर असतोच. तो नंबर जगभर एकच. अल्टरनेटरमधल्या ६३०३ छापाच्या बेअरिंगला कळतही नाही आपण पजेरोत आहोत की पिठाच्या गिरणीत. इतवारीतल्या बेअरिंगवाल्याकडे गाडीचं नाव काढायचंच नाही, नाव काढलं की भाव वाढतो.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. उदाहरणार्थ ३५-५२-८. एवढ्यावर सील मिळतो, पण दोन गोष्टी आणखी बघा. ओठ एकेरी की दुहेरी, आणि रबर कोणतं. साधा नायट्राइल १०० अंशांच्या आसपास बराच काळ तग धरतो. इंजिनाच्या गरम टोकाला तपकिरी व्हिटॉनचा सील असेल तर त्या जागी व्हिटॉनच टाका. चाळीस रुपये वाचवायला गेलात तर वर्षभरात गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल. वर लिहिलेलं ‘तोच पार्ट दुसऱ्यांदा जातो’ हे लक्षण बहुतेक वेळा इथूनच येतं.

बॉल जॉइंट आणि टाय रॉडसाठी जपानची ‘५५५’ छापाची कंपनी, क्लचसाठी एक्सेडी, सीलसाठी एनओके, शॉक ॲब्सॉर्बरसाठी कायाबा, ब्रेकच्या रबर किटसाठी सेइकेन, ही नावं पाठ ठेवा. यांचा माल पजेरोच्या खोक्यात मिळाला नाही तर त्यांच्याच खोक्यात मिळतो. फक्त खोकं आणि सील बारकाईने बघा, नकली माल भरपूर आहे. छपाई फिकट, नंबर छापलेला पण कोरलेला नाही आणि भाव निम्मा, असं तिन्ही एकत्र दिसलं तर निघा तिथून.

५. नवा कशाला? दुरुस्त होतो का बघा

काही वस्तू बदलायच्या नसतातच. रेडिएटरच्या टाक्या चांगल्या असतील तर मधला कोअर नवा टाकून मिळतो. मी तांब्या-पितळेचा टाकून घेतला, वजन वाढलं पण चार उन्हाळे काटा मधोमध आहे. पॉवर स्टिअरिंगच्या होजची दोन्ही टोकं जुनी ठेवून मधली नळी हायड्रॉलिकवाले नवी दाबून देतात. हिंगणा एमआयडीसीकडे हे काम तासाभरात होतं. त्यांना तेल कोणतं आणि गरम किती होतं हे आधी सांगा. एसीचा कंडेन्सर मापावर मिळतो, कंपनीचाच हवा असं नाही. डिझेलचा पंप रोटरी जातीचा, झेक्सेलचा आहे. ही बॉशच्या घराण्यातली रचना असल्यामुळे पंपाचं बेंच असलेल्या चांगल्या दुकानात त्याचे सील आणि किट मिळतं. पण पंप स्वतः उघडू नका, त्याबद्दल शेवटी.

६. जुना माल: भंगार बाजार

नागपुरात वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भागात आणि कामठी रोडला विचारून ठेवायला हरकत नाही, पण पजेरोचा माल क्वचितच येतो. खरा बाजार बाहेर. दिल्लीचं मायापुरी, मुंबईचं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार. गाड्या चेन्नईजवळ जुळायच्या म्हणून असेल, मला पुदुपेटचा माल बरा लागला. हा माझा अनुभव, नियम नव्हे.

फोनवर ‘हाँ, मिल जाएगा’ हे उत्तर धरायचं नाही. तीन फोटो मागा: पार्ट शेजारी ठेवलेल्या टेपसह, कोरलेल्या नंबराचा, आणि बोल्टच्या भोकांचा सरळ वरून. तुमच्या जुन्या पार्टाचेही तसेच फोटो काढा आणि फोनवर एकाशेजारी एक लावून बघा. मग पैसे. माल ट्रान्सपोर्टने आला तर बिल्टीवर ‘मशिनरी पार्ट’ एवढंच न लिहिता पार्टाचं नाव लिहून घ्या, वाटेत हरवला तर भांडायला आधार राहतो.

एक सापळा सांगतो. डिफरन्शियल किंवा अख्खा एक्सल घेताना पट्टीवरचं ते चार आकडी गुणोत्तर जुळलंच पाहिजे. पुढचा ४.९००चा आणि मागचा दुसऱ्याच गुणोत्तराचा असला तरी गाडी २एचमध्ये मजेत चालते. ४एचएलसी (पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारी स्थिती) टाकून डांबरी रस्त्यावर आलात की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या पेटीचा, बळी जातो. विक्रेत्याला गुणोत्तर माहीत नसेल तर त्याच्याकडून मोजून घ्या: एक चाक अडवून दुसरं पूर्ण दोन फेरे फिरवलं की प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात. पाचाला किंचित कमी आले तर ४.९००.

आणि बिल घ्याच. इंजिन घेतलं तर जुन्या गाडीची कागदपत्रंही घ्या, कारण इंजिन बदलणं म्हणजे आरसीवर नोंद बदलणं आणि त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. चोरीच्या गाडीचं इंजिन एमएच-३१च्या गाडीत सापडलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. ब्रेकचे होज, पॅड, व्हील सिलिंडर, टायमिंग चेन, सील आणि कुठलंही रबर जुनं घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

७. परदेशातून मागवणं

इथून पुढे खिसा दुखायला लागतो. शारजाच्या जुन्या पार्टांच्या बाजारात पजेरोचा माल ढिगाने असतो, कारण आखाती देशांत ही गाडी घरोघरी होती. पण तिकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. गिअरबॉक्सचे आतले भाग, सस्पेन्शनचे हात, दारं, काचा चालतील. डॅशबोर्ड, स्टिअरिंगची जोडणी, वायपरची यंत्रणा आणि हेडलाइट नाही. हेडलाइट बसतो, हीच गोम आहे. तिकडच्या दिव्याचा डिपर उजव्या कडेला उजेड फेकतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. हे सगळं उजव्या स्टिअरिंगच्या देशांतून शोधायचं (स्टिअरिंगचं मात्र नवंच): जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड. ऑस्ट्रेलियात या गाडीचे शौकीन खूप, त्यामुळे रबरी बुशांपासून स्प्रिंगपर्यंत नवा माल अजून निघतो.

किंमत बघताना वस्तूची किंमत बघू नका. भाडं, कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचे हाताळणीचे पैसे धरून मी वस्तूच्या किमतीची दुप्पट मनात धरतो. त्याहून कमी आलं तर आनंद. कुरिअरवाले वजनाऐवजी आकारमानही लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागायचं. बंपर हलका असतो, पण या हिशेबाने तो हत्ती होतो. केवायसीची कागदं तयार ठेवा, नाहीतर माल विमानतळावर आठवडाभर पडून राहील आणि साठवणुकीचं भाडं वेगळं लागेल.

४एम४०चं सिलिंडर हेड फुटलं तर बरेच जण गाडी भंगारात घालायला निघतात. थांबा. स्पेनच्या एएमसी कंपनीचं नवं हेड या इंजिनासाठी निघतं. महाग आहे, पण ‘मिळतच नाही’ हे खरं नाही.

८. बनवून घेणं

शेवटचा रस्ता आणि सगळ्यात वेळखाऊ. हिंगण्याला आणि बुटीबोरीला लेथवाले आहेत, त्यांतला जुना माणूस गाठा. नमुना म्हणून झिजलेला पार्ट दिलात तर तो झिजलेला पार्टच बनवून देईल. म्हणून दुसऱ्या बाजूचा, कमी झिजलेला नमुना द्या, किंवा ज्या शाफ्टवर तो बसतो तो शाफ्टच घेऊन जा. माझ्या मागच्या दाराच्या बिजागरीचे गनमेटलचे बुश असे झाले. साठीतल्या त्या कारागिराने व्हर्निअर लावलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘हे माप नाही, हे झीज आहे. पिन आण.’’ दुसऱ्या दिवशी पिन नेली. आता दार एका बोटाने लागतं.

आतले प्लास्टिकचे क्लिप थ्री-डी प्रिंटवर होतात, पण साध्या पीएलए प्लास्टिकचे करू नका. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि मे महिन्यात फुटाळा तलावाजवळ दुपारी उभी केलेली गाडी आतून तिथवर सहज जाते. एएसए किंवा एबीएस मागा.

इथे थांबा

ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग लेथवर बनवून घ्यायचा नाही, वेल्ड करायचा नाही, जुना लावायचा नाही. पॉवर स्टिअरिंगची होज दाबून घेतली म्हणून ब्रेकची होजही तशीच करू, असं कुणी म्हणालं तर ते गॅरेज बदला. बॉल जॉइंट ‘भरून’ देणारेही भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. नवा, नावाजलेल्या कंपनीचा पार्ट येईपर्यंत गाडी उभी राहिली तरी चालेल.

डिझेल पंपाचं टायमिंग आणि कॅलिब्रेशन बेंचशिवाय होत नाही. घरी स्क्रू फिरवून धूर कमी झाल्यासारखा वाटतो, आणि पिस्टनवर काय चाललंय ते दिसत नाही. पंप थेट पंपवाल्याकडे न्यायचा.

पाणी कमी होत असेल, सकाळी थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरची होज दगडासारखी कडक होत असेल किंवा टाकीत बुडबुडे येत असतील, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. या इंजिनाच्या हेडला तापणं सोसत नाही, तडा जातो. मेकॅनिककडे निळ्या द्रावाची चाचणी असते, रेडिएटरच्या तोंडावर धरल्यावर द्राव हिरवा किंवा पिवळा झाला (डिझेलला बहुतेकदा हिरवा) तर जळका वायू पाण्यात येतोय. इथून पुढे हेड उतरवून प्रेशर टेस्ट करणाऱ्या मशीन शॉपचं काम आहे, घरच्या पान्यांचं नाही.

चॅसिसला तडा, एअरबॅगची वायरिंग आणि टॉर्शन बार ढिला करणं, ही तिन्ही कामंसुद्धा जाणकाराचीच. पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार तो बार पिळून धरतो. बार सुटताना हात मध्ये असला तर हात वाचत नाही. एअरबॅग कुरिअरने मागवायचा तर विचारच नको, तो धोकादायक मालात मोडतो.

पैशाचंही एक थांबायचं ठिकाण ठेवा. माझा हिशेब असा: एका पार्टाच्या मागे तीन महिने आणि गाडीच्या आजच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापलीकडे जायचं नाही. हेड, गिअरबॉक्स आणि गंजलेली चॅसिस एकाच वर्षी समोर आली तर ती गाडी दुसऱ्या पजेरोवाल्याला पार्टांसाठी विका. भंगारवाल्यापेक्षा तो जास्त देईल.

माझ्या वहीतल्या चार न मिळालेल्या नोंदींपैकी एक अजून उघडी ठेवलीय: मागच्या दारावर स्पेअर व्हीलला जे कडक कव्हर असतं त्याचं कुलूप. सध्या तिथे सायकलचं कुलूप लावलंय. न्यूझीलंडच्या एका विक्रेत्याने परवा फोटो पाठवला, पण टेप शेजारी ठेवलेली नव्हती. पुन्हा मागितलाय.